क्रेडिट कार्ड वापरताय? खासगीपणाच्या या चुका टाळा

कार्ड वापरलं की सगळं बँकेला कळतं, म्हणून काहीजण कार्डाला हातच लावत नाहीत. बाकीचे ‘आपल्याकडे लपवण्यासारखं आहेच काय’ म्हणत मागेल त्याला मागेल ती माहिती देऊन मोकळे होतात. नुकसान दोघांचंही होतं. कार्डाचे फायदे खरे आहेत. पूर्ण बिल वेळेवर भरलं तर 45-50 दिवसांपर्यंत पैसे बिनव्याजी वापरता येतात. कुणी फसवून व्यवहार केला तर बचत खात्यातली रक्कम लगेच जात नाही, वाद बिलावर होतो. त्या बदल्यात किती माहिती द्यायची हे मात्र बरंचसं आपल्या हातात असतं.

काउंटरवर मोबाइल नंबर सांगणे

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. कार्ड स्वाइप केल्यावर बँकेला दुकानाचं नाव, ठिकाण, रक्कम, वेळ आणि दुकानाच्या प्रकाराचा चार आकडी कोड कळतो. किराणा आणि सुपरमार्केटसाठी 5411, औषधांच्या दुकानासाठी 5912. तुम्ही कोणती गोळी घेतली हे सर्वसाधारणपणे बँकेकडे जात नाही. ते दुकानाच्या बिलात असतं. मेडिकलवाला बिल करताना ‘नंबर सांगा’ म्हणतो, आपण सवयीने सांगतो, आणि मधुमेहाची गोळी, ती दर महिन्याला घेतल्याची नोंद आणि तुमचा नंबर एका ओळीत येतात. बँकेकडेही तोच नंबर असतो. दोन वेगळ्या नोंदवह्या जोडणारा दुवा आपणच पुरवलेला असतो.

मोबाइल नंबरची सक्ती करू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे 2023 मध्ये दुकानदारांना बजावलं आहे. तेव्हा ‘नंबर नको, छापील बिल द्या’ असं खुशाल सांगा. काही औषधांसाठी डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव नोंदवावं लागतं, तो कायद्याचा भाग आहे. त्यासाठी पॉइंट जमा करणारं खातं लागत नाही.

‘नाव काढलं की कोण ओळखणार?’ असं समजणे

2015 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. 11 लाख लोकांच्या तीन महिन्यांच्या कार्ड व्यवहारांतून नावं काढून टाकली होती. तरीही कोणत्या दिवशी कोणत्या दुकानात खरेदी झाली, अशा फक्त चार नोंदी ठाऊक असल्या की 90 टक्के लोक वेगळे ओळखता येत होते. म्हणून कार्डाच्या अर्जातल्या ‘समूहातील कंपन्या व भागीदार’ या ओळीपुढची खूण जपून करा. ग्राहकाच्या विशिष्ट संमतीशिवाय त्याची माहिती इतरांना देऊ नये, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. खूण आधीच केली असेल तर ती संमती काढून घेतल्याचं बँकेला ईमेलने कळवा आणि उत्तर जपून ठेवा.

घरातल्यांना सरसकट ॲड-ऑन कार्ड देणे

याबद्दल फार कमी बोललं जातं. ॲड-ऑन कार्ड म्हणजे तुमच्याच कार्ड खात्यावर घरच्यांना मिळणारं जादा कार्ड. त्यावरचा प्रत्येक व्यवहार मूळ कार्डधारकाच्या स्टेटमेंटमध्ये दिसतो. बायकोने समुपदेशकाची फी भरली, कॉलेजातल्या मुलीने डॉक्टरला दाखवलं, तरी दुसऱ्या कुणाच्या तरी मेलमध्ये ती ओळ तारखेसकट छापून येते. हिशेबासाठी एक कार्ड सोयीचं असतं हे मान्य. पण सज्ञान माणसाला स्वतःचं कार्ड किंवा निदान स्वतःचं खातं असायलाच हवं. काही खर्च रोखीने करणं हा चोरटेपणा नाही, तो प्रत्येकाचा हक्क आहे.

यूपीआय जास्त खासगी आहे असं वाटणे

पैसे येताच समोरच्याला तुमचं नाव दिसतं, आणि यूपीआय आयडीतच मोबाइल नंबर असेल तर तोही जातो. नंबर नसलेला आयडी बनवून घ्या.

सेव्ह केलेल्या कार्डाला घाबरणे, पण मेल उघडा ठेवणे

1 ऑक्टोबर 2022 पासून ऑनलाइन दुकानांना तुमचा पूर्ण कार्ड नंबर साठवता येत नाही, त्याऐवजी टोकन, म्हणजे त्या दुकानापुरता बदली क्रमांक, असतो. दर वेळी अनोळखी साइटवर नंबर टाइप करण्यापेक्षा ते बरं. खरा धोका खर्चाचा हिशेब ठेवून देतो म्हणत एसएमएस आणि मेल वाचायची परवानगी मागणाऱ्या ॲपचा. त्याला परवानगी दिली की दुकानाला आणि बँकेला तुकड्यातुकड्याने माहीत असलेलं सगळं एकाच जागी जातं. फोनच्या सेटिंगमधून आणि मेलच्या खात्यातून अशा परवानग्या आजच काढा.

अडचण आली तर

स्टेटमेंटमध्ये अनोळखी नाव दिसलं तर आधी तारीख आणि रक्कम जुळवा, कारण पाटीवरचं नाव आणि कंपनीचं नोंदणीकृत नाव अनेकदा वेगळं असतं. नाहीच जुळलं तर लगेच कार्ड ब्लॉक करून तक्रार क्रमांक घ्या. चूक तुमची नसेल आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार भुर्दंड तुमच्यावर येत नाही. ओटीपी स्वतः सांगितला असेल तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. फसवणूक असेल तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवरही फोन करा.

कर्जाचे फोन अचानक वाढले तर क्रेडिट रिपोर्ट (तुमच्या कर्ज-कार्डांच्या परतफेडीचा अहवाल) काढून तुमची चौकशी कुणी केली ते पाहा. असे अहवाल ठेवणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून, म्हणजे क्रेडिट ब्युरोकडून, वर्षातून एकदा तो मोफत मिळतो.

आणि कार्ड बंदच करायचं ठरवलं तर आधी पॉइंट वापरा, थकबाकी शून्य करा आणि लेखी विनंती द्या. बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करायचं असतं, नाहीतर उशिराच्या दर दिवसाला बँकेने तुम्हाला 500 रुपये द्यायचे असतात. जुने व्यवहार मात्र लगेच पुसले जात नाहीत. मनी लाँडरिंगविरोधी कायद्यानुसार बँकेला त्यांच्या नोंदी पाच वर्षं ठेवाव्याच लागतात.