सिकलसेल आहे हे माहीत असूनही "पाहू नंतर" म्हणतो, ते कमी कसं करायचं

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा पट्ट्यात सिकलसेल, म्हणजे रक्ताच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात तो आईबापाकडून येणारा आजार, काही नवीन नाही. तरी घरोघरी एकच बोलणं, "आता तं काही दुखून नाई राह्यलं, पाहू नंतर." गोळ्या डब्यात पडून, फाईल पेटीत साड्यांच्या खाली, तपासणीची एक तारीख चुकली की दवाखान्यातल्या ताई काय म्हणतील म्हणून पुढचीही चुकवायची. लोक याला आळस म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही. दवाखाना आठवला की छातीत धडधडते, "आज नको" म्हटलं की लगेच बरं वाटते, आणि हे बरं वाटणंच सवय लावते. उलट हायड्रॉक्सीयुरियाचा, म्हणजे सिकलसेलच्या रोजच्या गोळीचा, गुण यायला रोज घेऊनही काही महिने लागतात, मधेमधे रक्त तपासावं लागते ते वेगळंच. एकीकडे आत्ताचा आराम, दुसरीकडे महिन्यांनंतरचा फायदा, मग माणूस आज कशाला जाईल? म्हणून रागावून काही होत नाही.

सगळ्यात आधी हे शोधा की टाळता नेमकं काय. "आजार" असं मोघम उत्तर नको. सुईची भीती आहे का, दिवसाची मजुरी बुडते म्हणून, की डॉक्टर सगळ्यांसमोर ओरडतात म्हणून? नवीन लग्न झालेल्या पोरी माहेरी नेमाने गोळी घेतात आन् सासरी बंद करतात, कारण गोळ्यांची पट्टी जाऊबाईला दिसेल. तिला गोळीचं महत्त्व दहादा सांगून उपयोग नाही, तिची अडचण पट्टी आहे. पट्टी कापून आठ दिवसांच्या गोळ्या छोट्या डबीत ठेवा (लेकरांच्या हाताला लागू नये), रात्री दात घासताना घ्या, आणि नवऱ्याला तरी सांगा, घरात एका माणसाला माहीत असलंच पाहिजे.

मग जे टाळता त्याचा इतका छोटा तुकडा करा की नाही म्हणायला जागा उरू नये. आज फक्त फाईल पेटीतून काढून वर ठेवा, बस. उद्या तारीख पाहा. परवा आशाताईला म्हणा "माझ्यासंग चालता का". सोमवारपासून सगळं नीट करतो म्हणणारा माणूस मंगळवारी थकते, हे आपण सगळ्यांनीच पाह्यलं आहे.

कामाचं मात्र थांबून सांगतो, कारण इथंच जास्त लोक पडतात. रोवणीला दिवसभर बांधीतल्या थंड पाण्यात पावसात ओलं उभं राहायचं, किंवा मे महिन्यात तेंदूपत्त्याला उन्हात पाणी न पिता फिरायचं, आणि कोणाला कळू नये म्हणून सगळ्यांच्या बरोबरीनं हात चालवायचा. थंडी, शरीरातलं पाणी कमी होणं, अतिश्रम, याच गोष्टींनी दुखण्याचा झटका येतो, मग चार दिवस खाटेवर. एक वाक्य घरूनच तयार करून जा, "बाई, मले रक्ताचा त्रास हाये, मी घडीघडी धुऱ्यावर येऊन पाणी पीन, काम पुरं करीन." मुकादमाला नाही जमलं तर शेजारी रोवणाऱ्या बाईला सांगा. पहिल्यांदा जड जाते, दुसऱ्यांदा तितकं नाही. ओले कपडे बदलायला एक कोरडा जोड पिशवीत ठेवाच.

लक्ष दुसरीकडे नेणं सगळंच वाईट नसते हं. दुखत असताना भजन लावलं, मोबाईलवर पिक्चर पाह्यला, त्यानं दुखणं सहन होते, खुशाल करा. फक्त दुखणं उतरल्यावर गोळी आणि तारखेकडे परत या. दारूचं तसं नाही, तिनं शरीरातलं पाणी अजून कमी होते.

लग्न जमवताना रिपोर्ट लपवणं हेही टाळणंच आहे. दोघंही वाहक (स्वतःला आजार नाही, पण लेकराला देऊ शकतात असे) असतील तर प्रत्येक गरोदरपणात लेकराला आजार व्हायची शक्यता 25 टक्के, म्हणून सुपारी फुटायच्या आधी दोघांची तपासणी करा. आणि दिव्यांग प्रमाणपत्राला "आपण काय अपंग आहो का" म्हणून पाठ फिरवू नका, 2016 च्या कायद्यातल्या 21 प्रकारांत सिकलसेल आहे, बऱ्याच सवलतींना मात्र प्रमाणपत्रावर किमान 40 टक्के अपंगत्व लागते.

घरच्यांनी "गोळी घेतली का" हे रोज पोलिसासारखं विचारू नये. "आज काय जड जाऊन राह्यलं" हे विचारा आणि मग थोडं ऐका. मन फारच खचलं असेल, कशातच जीव लागत नसेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येते.

हे सगळं हळूहळू करायचं आहे. पण ताप 101 च्या वर गेला, छातीत दुखून दम लागला, एकाएकी पांढरं पडलं, तोंड वाकडं झालं किंवा हातपाय लुळा पडला, तर रात्र असो की रोवणी, 108 ला फोन करा आणि निघा, फाईल सोबत घ्या.