थायरॉइडची गोळी कशी घ्यावी
हायपोथायरॉइडिझमसाठी (थायरॉइड ग्रंथीचे संप्रेरक कमी पडण्याच्या विकारासाठी) दिलेली लेव्होथायरॉक्सिनची गोळी सकाळी उठल्यावर रिकाम्या पोटी, केवळ पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर निदान अर्धा तास, शक्यतो तासभर, चहासुद्धा टाळावा; पर्वतीवर फिरायला जाणाऱ्या पुणेकरांनी ती घरातून निघण्यापूर्वीच घेतली, तर परतताना अमृततुल्यावर थांबण्यास हरकत उरत नाही. कॅल्शियम, लोह आणि अँटासिड यांमुळे तिचे शोषण घटत असल्याने ही गोळी आणि त्यांच्यात ४ तासांचे अंतर ठेवावे. मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, म्हणून दुकानातच आकडा वाचून घ्यावा. मात्रा बदलल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी रक्तातील टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक) तपासावे. बरे वाटते म्हणून गोळी परस्पर बंद करू नये. गर्भधारणा झाल्यास मात्र डॉक्टरांना त्वरित कळवावे, कारण तेव्हा मात्रा बहुधा वाढवावी लागते.