पुढच्या चाकातला आवाज: बेअरिंग की किंगपिन?

ट्रकच्या पुढच्या चाकातून आवाज आला की लगेच हब (चाकाचा मधला भाग, ज्यात बेअरिंग बसतं) खोलायला घेऊ नका. आधी तो कधी येतो ते ऐका. फक्त ब्रेक दाबल्यावर घासल्यासारखा येत असेल तर ब्रेकचे लायनर (घासपट्ट्या) आणि ड्रम बघा. वेगाबरोबर वाढणारी 'टिकटिक' बऱ्याचदा टायरच्या नक्षीत अडकलेल्या खड्याची निघते, आणि तेवढ्यासाठी गॅरेजचा अर्धा दिवस जातो.

सतत घूं-घूं असेल तर मोकळ्या रस्त्यावर हळू वेगात स्टिअरिंग किंचित डावीकडे, मग उजवीकडे वळवा. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर जातो; तेव्हा आवाज वाढला तर बहुधा उजवं बेअरिंग गेलंय. डांबरीवरून काँक्रीटवर जाताच आवाज बदलला तर संशय टायरवर.

आता खरी परीक्षा. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना ओट (चाक घरंगळू नये म्हणून ठोकळा किंवा दगड) लावा, पुढचा एक्सल जॅकने उचलून स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर राहू नका. चाक वरून-खालून धरून हलवा. खेळ (ढिलेपणा) जाणवला तर क्लीनरला फूटब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खेळ गेला तर बेअरिंग ढिलं, राहिला तर किंगपिन (ज्या खिळीवर पुढचं चाक वळतं) आणि त्याचे बुश झिजलेत. डाव्या-उजव्या बाजूने धरल्यावरच हलत असेल तर टायरॉड एंड (दोन्ही पुढची चाकं जोडणाऱ्या दांड्याचं टोक) तपासा.

प्रवासानंतर एकच हब दुसऱ्यापेक्षा जास्त तापलेला असेल (हात नुसता जवळ न्या, चटका बसतो), तर गाडी पुढे काढू नका.