परसातल्या शेडच्या कोब्यातून ओल येऊ नये म्हणून

कोकणात सरपण, नारळ, भाताची पोती आणि अवजारे ठेवण्यासाठी परसात काँक्रीटचा कोबा घालून त्यावर लोखंडी अँगल आणि पत्र्यांची शेड उभारण्याची पद्धत आता सर्रास दिसते. छप्पर गळत नसले, तरी मृगाच्या जोरदार सरींनंतर कोब्याच्या कडेने पाणी आत येते आणि तळची पोती भिजून काळी पडतात. अशा वेळी बहुतेक जण केमिकलचा डबा आणून सगळ्या कोब्यावर फासतात. पाणी नेमके कोठून येते हे पाहिल्याशिवाय केलेला हा खर्च बहुधा वाया जातो, म्हणून आधी निदान करावे आणि त्यानंतरच सामान आणावे.

पाऊस नसताना बाहेरून भिंतीच्या तळाशी पाईपने अर्धा तास पाणी सोडावे आणि दुसऱ्याला आत बसवून ओल प्रथम कोठे दिसते तेथे खडूने खूण करायला सांगावी. त्यानंतर, कोबा कोरडा असताना, मधोमध हातभर लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवून एक दिवस-रात्र तसाच ठेवावा. कागदाच्या खालच्या बाजूस पाण्याचे थेंब जमले, तर ओल जमिनीतून वर चढते आहे. वरच्या बाजूस जमले, तर ते हवेतले बाष्प असून त्यावर उपाय वायुवीजनाचा आहे, वॉटरप्रूफिंगचा नाही.

माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त आढळणारा दोष म्हणजे पत्र्याच्या बाहेर वीतभर उरलेला कोबा. पागोळ्यांचे पाणी या कडेवर आदळते, तेथेच साठते आणि तळच्या अँगलखालून आत सरकते; आतून कितीही लेप दिला, तरी ही वाट बंद होत नाही. शक्य असल्यास जास्तीचा कोबा कटरने कापून टाकावा आणि तळाला पत्र्याची अशी पट्टी जोडावी की ती कोब्याच्या पातळीखाली किमान 5 सेंटिमीटर लोंबेल, म्हणजे पाणी सरळ जमिनीवर पडेल. कापणे शक्य नसेल, तर ती कड छिन्नीने तासून तिला बाहेरच्या बाजूस ढाळ द्यावा. वर सिमेंटचा पातळ थर चढवून ढाळ काढण्याचा मोह टाळावा, कारण तो थर एक-दोन पावसाळ्यांत पापुद्र्यासारखा सुटतो. भोवतालची माती कोब्याच्या माथ्यापेक्षा 15 सेंटिमीटर खाली घ्यावी, पागोळ्यांना पन्हळ लावावी आणि पन्हळीचे पाणी चरातून उताराकडे न्यावे.

एवढे झाल्यावर आतले काम हाती घ्यावे. पत्र्याच्या आतल्या बाजूने, खांबांच्या मधून, 10 सेंटिमीटर उंचीची काँक्रीटची पट्टी ओतावी. त्यासाठी जुन्या कोब्यावर टाचे (छिन्नीने बारीक खाचा) मारून, धूळ धुऊन आणि सिमेंटची स्लरी लावून पृष्ठभाग तयार करावा, नाहीतर नव्या-जुन्या काँक्रीटचा सांधाच गळू लागतो. ओले सिमेंट जस्ताच्या मुलाम्याला खाते, म्हणून ओतताना पत्र्याला प्लास्टिक लावून ठेवावे आणि नंतर तेथील फट पॉलियुरेथेन सीलंटने भरावी. पट्टी आणि कोबा यांच्या कोनात एक भाग सिमेंटला तीन भाग वाळू या प्रमाणाच्या मसाल्यात वॉटरप्रूफिंग पावडर घालून 5 सेंटिमीटरचा गोलसर वाटा (कोन भरून काढलेली गोलाई) काढावा आणि त्यावर सात दिवस पाणी मारावे. भिंतीचा तळ चिऱ्यांचा असेल, तर आधी चिऱ्यांना दोन्ही बाजूंनी गिलावा करावा. जांभा सच्छिद्र असल्याने दगडातूनच पाणी झिरपते.

कोब्यातील भेगा व्ही आकारात साधारण 1 सेंटिमीटर रुंद करून साफ कराव्यात आणि सीलंटने भराव्यात. शेवटी पावडर आणि द्रव एकत्र कालवण्याचे पॉलिमर-सिमेंटचे कोटिंग वाटा, पट्टी आणि कोबा यांवर दोन हातांत द्यावे. पहिला हात आडवा आणि तो सुकल्यावर दुसरा उभा दिल्यास ब्रशच्या रेघांतून राहिलेल्या जागा झाकल्या जातात. हे काम मेच्या पहिल्या पंधरवड्यात, सकाळी लवकर करावे, कारण तापलेल्या कोब्यावर कोटिंग चिकटण्याआधीच वाळते. हातमोजे घालावेत आणि दोन हातांमधला वेळ पाकिटावर दिल्याप्रमाणे पाळावा.

दाराशी 5 सेंटिमीटर उंच, बाहेर ढाळ असलेला उंबरा करावा. ढकलगाडी आत न्यावी लागत असेल, तर आतून उतरती बाजू ठेवावी.

जमिनीतून चढणारी ओल मात्र या कोटिंगने कमी होते, पूर्ण थांबेलच असे नाही. तिच्यावरचा खात्रीचा उपाय म्हणजे जुन्या कोब्यावर 250 मायक्रॉनचा प्लास्टिक कागद सांधे वीतभर चढवून अंथरणे आणि त्यावर 7 ते 8 सेंटिमीटरचा नवा कोबा घालणे. तेवढे करायचे नसेल, तर पोती लाकडी फळ्यांच्या मांडणीवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावीत.