अपग्रेड केलं आणि एचडीएमआय गेलं: लिनक्स लॅपटॉपच्या ग्राफिक्सचं काय करायचं

शनिवारी रात्री सिडकोतल्या घरी बसून मी लॅपटॉपवरचं लिनक्स, म्हणजे उबुंटू, २२.०४ चं २४.०४ केलं. गरज काय होती तर काहीच नाही, २२.०४ ला २०२७ पर्यंत अपडेट मिळणारच आहेत, पण ते अपग्रेडचं बटण दिसलं की आपल्या हाताला खाज सुटते. मध्येच त्याने एक पासवर्ड बनवायला लावला, कशासाठी ते न वाचता मी काहीतरी भरून टाकला. रिस्टार्टला एक निळी स्क्रीन आली, त्यावर दहापासून उलटे आकडे चालू होते आणि तेवढ्यात कुकरची तिसरी शिट्टी झाली म्हणून मी उठलो. परत येतो तर लॉगिन आलेलं, म्हटलं झालं काम.

रविवारी मिसळ हाणून गंगापूर रोडला क्लासवर गेलो, एचडीएमआयच्या वायरने प्रोजेक्टर लावला, ढिम्म. पोरं माझ्याकडे बघतायत आणि मी वायर काढतोय, घालतोय, फुंकर मारतोय. एका रिपेअरवाल्याने तर लॅपटॉप न उघडताच मदरबोर्ड गेला म्हणून सांगून टाकलं.

मदरबोर्डला काही झालेलं नव्हतं. माझ्या लॅपटॉपात ग्राफिक्स दोन आहेत, एक प्रोसेसरमधलंच इंटेलचं आणि दुसरं एनव्हिडियाचं जुनं जीफोर्स कार्ड, आणि एचडीएमआय त्या दुसऱ्याला जोडलेलं आहे. लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन इंटेलवर चालते म्हणून सगळं ठीकच वाटतं. आता सिक्युअर बूट, म्हणजे मशीन चालू होताना सह्या तपासणारी सुरक्षा, चालू असलं की ओळखीची सही नसलेला ड्रायव्हर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आत घेतच नाही. डीकेएमएसवाला ड्रायव्हर आपल्याच मशीनवर तयार होतो, सही पण आपल्याच मशीनची, आणि ही सही आपलीच आहे बाबा असं त्या निळ्या स्क्रीनवर, आधी बनवलेला पासवर्ड टाकून, सांगायचं असतं. मी तेव्हा कुकर बंद करत होतो.

तर आधी बघा की चाललंय काय. कमांडी मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलमध्ये इंग्रजीतच टाइप करा. एलएसपीसीआय, स्पेस, हायफन के. यादीत एनव्हिडियाचं नाव शोधा, त्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ असते. तिथे एनव्हिडिया असेल तर ड्रायव्हर लागलाय, नूवो (लिनक्ससोबत येणारा मोफत ड्रायव्हर) असेल किंवा ती ओळच नसेल तर नाही लागला. मग मोकयूटिल (एम-ओ-के-यू-टी-आय-एल), स्पेस, दोन हायफन आणि एसबी-स्टेट, म्हणजे सिक्युअर बूट चालू आहे का ते कळतं.

चालू असेल तर ती निळी स्क्रीन परत बोलवायची. सुडो (म्हणजे ॲडमिनच्या हक्काने चालव) लावून अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी, पुढे दोन हायफन एनरोल-की. पासवर्ड विचारेल, साधा टाका पण कागदावर लिहा. रिस्टार्ट करा आणि ह्या वेळी खुर्चीतून उठू नका, कोणतंही बटण दाबा, एनरोल मोक (मोक म्हणजे आपल्या मशीनच्या सहीची चावी), कंटिन्यू, येस, तोच पासवर्ड, रिबूट. माझं एवढ्यावरच चालू झालं, दोन मिनिटांचं काम आणि अख्खा रविवार गेला.

नाही झालं तर जुना ड्रायव्हर साफ काढा, सुडो एपीटी पर्ज आणि अवतरणात स्टार एनव्हिडिया स्टार, मग सुडो उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल. ही कमांड शक्यतो उबुंटूवाल्या कॅनॉनिकल कंपनीची सही असलेला तयार ड्रायव्हर टाकते, मग मोकची भानगडच नाही. साइटवरून ती डॉट रनवाली फाइल उतरवून टाकू नका, पुढच्या कर्नल अपडेटला परत रडाल. आणि ड्रायव्हरच्या नावाशेवटी ‘ओपन’ असेल तर तो ट्युरिंग म्हणजे जीटीएक्स १६ आणि आरटीएक्स २० पासून पुढच्यांसाठीच आहे, माझ्यासारख्या जुन्या मॅक्सवेल पिढीच्या कार्डवाल्यांनी तिकडे बघायचंच नाही. आपल्या पिढीच्या कार्डांना ५८० ही ड्रायव्हरची शेवटची मालिका आहे. लिनक्स बनवणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने २०१२ मध्ये फिनलंडला भर कार्यक्रमात एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं होतं, त्या रविवारी मला उगाच आठवलं, माझ्या केसमध्ये चूक माझीच होती तो भाग वेगळा.

काहींची स्क्रीनच काळी पडते, कोपऱ्यात नुसती एक पांढरी रेघ लुकलुकते. घाबरू नका, आधी कंट्रोल ऑल्ट एफ३ दाबून बघा, काळ्यावर लॉगिन आलं तर वरच्या सगळ्या कमांडी तिथूनच चालतात, नेटसाठी मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग करा. तेही नाही आलं तर चालू होताना एस्केप दाबून ग्रब, म्हणजे सुरुवातीचा बूट मेनू, आणा, ई दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीत ‘क्वाएट स्प्लॅश’च्या पुढे नोमोडसेट लिहा आणि एफ१०. हे तेवढ्या एका वेळेपुरतं असतं. सेटिंगमध्ये ग्राफिक्ससमोर एलएलव्हीएमपाइप दिसेल, म्हणजे चित्र काढायचं सगळं काम प्रोसेसरच करतोय, पंखा बोंबलणारच, तसंच ठेवून वापरत बसू नका राव.

ड्रायव्हर टाकला तरी प्रोजेक्टर नाही? प्राइम-सिलेक्ट क्वेरी मारा, कोणतं ग्राफिक्स निवडलंय ते कळतं. उत्तर इंटेल आलं तर एनव्हिडिया कार्ड झोपवून ठेवलंय, सुडो प्राइम-सिलेक्ट ऑन-डिमांड करून रिस्टार्ट. स्क्रीन नुसती फडफडत असेल तर लॉगिनला नावावर क्लिक करून खालच्या कोपऱ्यातल्या चाकातून झॉर्गवालं, म्हणजे जुन्या डिस्प्ले पद्धतीचं, सेशन निवडून बघा, हे २४.०४ मध्ये आहे, २५.१० पासून काढून टाकलंय.

आणि हे सगळं नीट होईपर्यंत एपीटीचं ऑटोरिमूव्ह (जुनी, नको असलेली पॅकेजेस काढणारी कमांड) मारू नका, जुना कर्नल ग्रबच्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये तसाच राहू द्या.