लाल शेवाळ आणि कॅन्सर: प्रोजेक्ट घ्यायच्या आधी वाचा

एमएस्सीला लाल समुद्री शेवाळ हा विषय घेतला तेव्हा आई म्हणाली, त्यात काय बघणार? म्हटलं अगं तू चायना ग्रासचं पुडिंग करतेस ना, ते ह्याच शेवाळापासून बनतं. तिला पटलं, पण कॅन्सरशी काय संबंध हे कळायला मलाच दोन महिने लागले.

तर ही शेवाळं समुद्राच्या पाण्यातलं ब्रोमीन-क्लोरीन वापरून अशी काही रसायनं बनवतात की मासे त्यांच्या वाट्याला जात नाहीत. त्यातलंच हॅलोमॉन, पोर्टिएरिया नावाच्या शेवाळातलं, 1992 ला अमेरिकेच्या एनसीआयनं (राष्ट्रीय कॅन्सर संस्थेनं) 60 सेल लाइनवर, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेल्या कॅन्सर पेशींच्या 60 प्रकारांवर, तपासून पेपर काढला, लोक खूष, पण पुढे माल पुरेना, दुसऱ्या ठिकाणची तीच जात आणली तर रसायनं वेगळीच. म्हणून 'शेवाळानं कॅन्सर बरा' टाइप फॉरवर्ड आला की मी सोडून देते, लाल शेवाळातून आलेलं कॅन्सरचं औषध अजून बाजारात नाहीये. (समुद्रातून आलीयेत, स्पंजवरून सुचलेलं सायटाराबिन 1969 पासून वापरात आहे.)

मी नेरूळची, त्यामुळे वाटलं होतं खाडी दारातच आहे, पण तिथे नुसता चिखल, ह्या शेवाळाला खडक लागतो. मग पनवेलहून रत्नागिरी गाठली. अमावस्या-पौर्णिमेची ओहोटी बघून जा, तेव्हाच पाणी नीट आत जातं आणि खडक उघडे पडतात. परत येताना थर्माकोलचा बॉक्स बघून ट्रेनच्या डब्यातल्या काकू विचारत होत्या, सुरमई कशी दिली!

आता माझा मूर्खपणा. शेवाळाचा एक्स्ट्रॅक्ट (अर्क) डीएमएसओ नावाच्या द्रावकात विरघळवून कॅन्सरच्या पेशींवर एमटीटी केली (ह्या टेस्टमध्ये जिवंत पेशी जांभळा रंग देतात), जास्त डोसच्या वेलमध्ये, म्हणजे प्लेटमधल्या खळग्यांत, जांभळा रंग जवळजवळ आलाच नाही, म्हणजे पेशी मेल्या, मी ग्रुपवर फोटो टाकून मोकळी. गाइड मॅडमनी एवढंच विचारलं, नुसत्या डीएमएसओची वेल कुठेय? नव्हतीच. त्या डोसला डीएमएसओ 2 टक्के झालं होतं, पेशी त्यानंच मरतात. 0.5 टक्क्याच्या आत ठेवून परत केलं तर असर निम्म्यावर आला, आणि नॉर्मल (कॅन्सर नसलेल्या पेशींची) सेल लाइन लावली तर त्याही पेशी जवळपास तेवढ्याच मेल्या. म्हणजे विष आहे, पण कॅन्सर ओळखून मारणारं नाही. थिसिसमध्ये तसंच लिहिलं, व्हायव्हाला सगळ्यात जास्त प्रश्न त्याच टेबलवर आले.