विमानाचा फोटो एडिटला घेण्याआधी

पहिलं काम स्क्रीनचं. रात्रीचा पिवळा फिल्टर बंद करा, उजेड आपोआप कमी-जास्त करणारं सेटिंग बंद करा आणि मॉनिटर अर्धा तास चालू राहू द्या. कॅलिब्रेटर (स्क्रीनचे रंग मोजून नीट लावणारं यंत्र) ओळखीत कुणाकडे असेल तर न लाजता मागून आणा. पांढऱ्याची छटा ६५०० केल्विन, गॅमा (मधल्या छटांचा उजळपणा) २.२ आणि उजेड १२० कँडेला प्रति चौरस मीटरच्या आसपास, एवढं लागलं की पुढची निम्मी कटकट संपते. स्क्रीन भगभगीत ठेवून केलेला फोटो दुसऱ्याकडे काळवंडलेला दिसतो, आणि मग आपण त्याच्या मोबाइलला नावं ठेवतो. सॉफ्टवेअरची पार्श्वभूमी मधल्या करड्या रंगाची ठेवा. काळ्या चौकटीत कुठलाही फोटो उगाच झकास वाटतो.

मग फाइल. रॉ (कॅमेऱ्याची कच्ची, न शिजवलेली फाइल) असेल तर उत्तम. जेपेग असेल तर व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरं दिसावं म्हणून लावलेला रंगांचा तोल) आधीच शिजून आलेला असतो, फार हलवता येत नाही. सोबत चार गोष्टी टिपलेल्या हव्यात: वेळ, धावपट्टी, आपण कुठल्या बाजूला उभे होतो आणि आकाश कसं होतं. मुंबईची ०९/२७ धावपट्टी (हे आकडे म्हणजे तिच्या दोन दिशा) साधारण पूर्व-पश्चिम पडते, त्यामुळे वर्षातला बराच काळ ऊन दक्षिणेकडून येतं. १९ अक्षांशावर असल्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला जातो, तेव्हाच काय ते चित्र बदलतं. डिसेंबरात उत्तरेकडून काढलेल्या विमानाची आपल्याकडची बाजू सावलीतलीच असणार. ती उजळवत बसलात तर फोटो धुतल्यासारखा होतो. पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं आणि गोव्याचं दाबोळी नौदलाचं, तिथले फोटो माझ्या फोल्डरमध्ये नसतातच, आणि तुमच्याही नसावेत.

आता लेव्हल. फोटो सरळ करताना विमानाकडे बघायचंच नाही. खिडक्यांची रांग लांब जाताना निमुळती होते, उतरणाऱ्या विमानाचं नाक जरा वर असतं, टेकऑफचं तर विचारूच नका. धावपट्टीही भरवशाची नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मोठ्या धावपट्टीला एकूण १ टक्क्यापर्यंत चढ-उतार चालतो, म्हणजे अर्ध्या अंशाहून थोडा जास्तच कल. शिवाय आपण धावपट्टीला अगदी काटकोनात उभे नसू, तर तिची कड फोटोत तिरकी येते आणि ती तशीच बरोबर असते. भरवसा उभ्या रेषांवर ठेवावा: इमारतीचा कोपरा, टर्मिनलचा खांब, दिव्याचा पोल. पोल एकटा असेल तर तो स्वतःच कललेला असू शकतो, म्हणून दोन-तीन शोधा. तेही फोटोच्या मधल्या पट्ट्यातले, कारण कडेच्या रेषा लेन्स वाकवते. म्हणूनच लेन्स प्रोफाइल (लेन्सचा बाक काढणारी दुरुस्ती) आधी लावायचं आणि फिरवायचं नंतर. उलट केलंत तर काम दोनदा करावं लागेल. पावसाळ्यात विमानं उभी राहतात त्या अ‍ॅप्रनवर पाणी साचलं असेल तर सोनंच, कारण वस्तूचं टोक आणि पाण्यातलं त्याचं प्रतिबिंब जोडणारी रेषा उभी असते. समुद्राचं क्षितिज मिळालं तर प्रश्नच नाही, पण डोंगराची रेघ क्षितिज म्हणून धरू नका.

हे सगळं कशासाठी, तर १२०० पिक्सेल रुंदीच्या फोटोत अर्धा अंश चुकला की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे १० पिक्सेलांचा फरक पडतो. आपल्या डोळ्याला तो फोटोची सवय झाल्यावर दिसत नाही. जेटफोटोज किंवा एअरलाइनर्स डॉट नेट या विमानांच्या फोटोंच्या साइटवर फोटो तपासणारे स्क्रीनर मात्र पहिल्या नजरेत पकडतात. मागे नुसतं आकाश असेल तर कुठलीच खूण नसते. तिथे मी अंदाजाने फिरवत नाही, त्याच रांगेतली आधीची किंवा नंतरची फ्रेम बघतो. बऱ्याचदा तिच्यात एखादी गच्ची किंवा मोबाइलचा टॉवर सापडतो आणि हात किती वाकडा होता ते कळतं. मात्र क्रॉप करताना शेपटीच्या वर आणि चाकांच्या खाली जागा सोडा. फोटो फिरवला की कोपरे कापले जातात, आणि मग पंखाचं टोक चौकटीला चिकटतं.

कॉन्ट्रास्टसाठी टायर बघा. विमानावर खात्रीने काळ्या अशा गोष्टी थोड्याच, त्यातली ही सगळ्यात सोयीची. मुंबईत जरीमरीच्या बाजूने धावपट्टी २७ वर उतरणारी विमानं जानेवारीत सकाळी काढली तर हिस्टोग्रामची (उजेडाचा आलेख, डावीकडे काळं आणि उजवीकडे पांढरं) डावी बाजू रिकामी मिळते, आणि टायरवर कर्सर नेला की ० ते २५५ च्या मापात आकडा ६० किंवा ७० दाखवतो. धुरक्याचं गणित सरळ आहे: हवेतले कण उजेड पसरवतात, तो उजेड काळ्यात मिसळतो आणि काळं करडं होतं. अंतर वाढेल तसा हा थर जाड होतो. त्यामुळे विमानामागच्या इमारती आणि टेकड्या विमानापेक्षा जास्त फिक्या असायलाच हव्यात. काळा बिंदू (फोटोतलं सगळ्यात गडद काळं) टायरवर बसवा, घाटकोपरच्या इमारतींवर नाही. जवळच्या विमानाचा टायर मी २० च्या आसपास आणतो. धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाचं विमान असेल तर ३५-४० वरच थांबतो, कारण इतक्या हवेतून काळाकुट्ट टायर दिसणंच खोटं.

डिहेझचा, म्हणजे धुरकं कमी करणारा, स्लायडर हात राखून वापरा. तो ओढला की निळं आकाश शाईसारखं होतं आणि धडाच्या कडेने पांढुरकी वलयं उमटतात. त्यापेक्षा कर्व्ह (उजेड-अंधाराचं प्रमाण वळवणारी रेघ) वापरावा, आणि त्या लेयरचा मोड ल्युमिनॉसिटी, म्हणजे रंग न हलवता फक्त उजळपणा बदलणारा, ठेवावा. साध्या कर्व्हने कॉन्ट्रास्टबरोबर रंगही चढतो, लाल शेपूट बघता बघता कुंकवासारखी भडक होते. हिस्टोग्रामच्या उजव्या टोकावरही लक्ष ठेवा. इंजिनच्या तोंडाची चकचकीत धातूची कड आणि लँडिंग लाइट जळाले (तपशील जाऊन निव्वळ पांढरे झाले) तर जळू देत. पांढऱ्या धडावरचे पत्र्याचे जोड आणि खिडक्यांच्या चौकटी मात्र दिसल्या पाहिजेत. ढगाळ दिवशी पांढरं विमान आणि मागे पांढरं आकाश असेल तर धड आकाशापासून सुटं दिसलं की थांबा. त्या दिवशी ऊन नव्हतं, ते फोटोतही दिसू दे.

रंगाचं काम सगळ्यात फसवं, कारण हात आधी पांढऱ्या धडाकडेच जातो. पांढरा रंग चकचकीत असतो. त्याच्या वरच्या अंगात आकाशाचा निळा उतरतो आणि पोटाखाली जमिनीचा. जुलैत गवतावरून सरकणाऱ्या विमानाचं पोट हिरवट दिसतं, एप्रिलमध्ये तेच तपकिरी. ही खरीच छटा आहे, ती पुसायची नाही. ड्रॉपर (व्हाइट बॅलन्ससाठी करडा बिंदू निवडायचं साधन) विमानाच्या छतावर टेकवलात तर आख्खा फोटो पिवळा पडेल. मी आधी करडं शोधतो: इंजिनातली टायटॅनियमची पाती असतील तर ती, मग डांबर, मग टायर. तिघांचं साधारण एकमत झालं की खुणांकडे वळायचं. धावपट्टीवरचे पट्टे पांढरे आणि टॅक्सीवेचे (धावपट्टीकडे ये-जा करायच्या वाटेचे) पिवळे, हा जगभरचा नियम आहे. टॅक्सीवेची रेघ लिंबासारखी हिरवट किंवा केशरी दिसत असेल, तर पांढरं कितीही शुभ्र वाटो, काहीतरी बिघडलंय. टॅक्सीवेच्या कडेचे निळे दिवे आणि पंखाचे दिवे (डावा लाल, उजवा हिरवा) हीसुद्धा बरी पडताळणी. फोटो उलटा तर झाला नाही ना, हेही त्यातच कळतं.

ऊन कलतं झाल्यावरचा फोटो दुपारसारखा करू नका. सहाच्या उन्हात पांढरं सोनेरीच असतं.

त्यानंतर कंपनीचा रंग. १० ऑगस्ट २०२३ ला एअर इंडियाने नवा रंगसाज दाखवला, त्यातला वांगी रंग कॅमेऱ्याची परीक्षा बघतो. निळा जरा वाढला की तो जांभळा आणि पिवळा वाढला की चक्क तपकिरी. इंडिगोचं निळं पोट काही कॅमेरा प्रोफाइलमध्ये जांभळ्याकडे झुकतं. तिथे सगळा व्हाइट बॅलन्स हलवू नका, फक्त निळ्याची छटा सरकवा. लुफ्तान्साने २०१८ मध्ये शेपटीचा पिवळा काढून गडद निळा आणला, आणि तो कमी उजेडात काळाच दिसतो म्हणून त्यांनी स्वतःच तो पुढे किंचित बदलला. तेव्हा त्या शेपटीवर कॉन्ट्रास्ट चढवताना जपून. पडताळणीला कंपनीचं जाहिरातीतलं चित्र घेऊ नका, ते अनेकदा संगणकावर बनवलेलं असतं. त्याच विमानाचे वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या उजेडात काढलेले पाच-सहा फोटो शेजारी उघडा.

टर्मिनलच्या काचेतून काढलेल्या फोटोवर हिरवट झाक असते, ती मॅजेंटा वाढवून बरीचशी जाते. सोडियमच्या नारिंगी दिव्यांखालचं काम वेगळं. त्या उजेडात निळा जवळपास नसतोच, त्यामुळे निळी शेपूट कुठल्याही स्लायडरने परत येत नाही. असा फोटो ब्लॅक अँड व्हाइट करा किंवा आहे तसा ठेवा.

उरलं किरकोळ. इक्वलाइझ (उजेडातले बारीक फरक ताणून दाखवणारी कमांड) लावून सेन्सरवरच्या धुळीचे डाग बघा, पुसा, इक्वलाइझ काढून टाका. आकार लहान केल्यावरच शार्पनिंग, आणि रजिस्ट्रेशनच्या अक्षरांच्या कडा करवतीसारख्या दिसू लागल्या की एक पाऊल मागे. एक्स्पोर्ट एसआरजीबी या वेबवरच्या नेहमीच्या रंगपद्धतीत, प्रोफाइल फाइलमध्ये जोडून. नाहीतर ब्राउझर रंग आपल्या मर्जीने दाखवतो. फाइल पाठवायची ती दुसऱ्या दिवशी सकाळी, पुन्हा एकदा लहान आकारात बघून. आणि उन्हाच्या तडाख्याने डांबरावरची हवा थरथरत होती, अशा फ्रेम एडिटला घेऊच नका. त्यावर यातलं काहीच चालत नाही.